पायाखालची ढेकी

मेडशीकडे जाणाऱ्या वाटेवर, आमच्या गावाच्या शिवेला, कागदाचा कारखाना होता. कारखाना कसला, टिनाचं एक लांब छप्पर, दोन हौद आणि चिंध्यांचा ढीग. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराने तो काढला होता, त्यामुळे छपराला छप्पर म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिथला कागद जाड, पिवळट आणि असा तहानलेला, की टाक टेकवला की अक्षराचा डाग व्हायचा. कचेऱ्या उपकार म्हणून तो घेत. स्वराज्य आल्यावर काही वर्षांतच गिरणीचा गुळगुळीत कागद स्वस्त झाला आणि कचेऱ्यांनी उपकार करणं थांबवलं.

माझी थोरली नणंद तिथे कामाला होती. घरात सगळे तिला बाई म्हणत, मीही म्हणायची. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती, आणि भावाच्या घरी बसून खाणं तिला सोसत नव्हतं. माझा नवरा तिला कधी एका शब्दाने बोलला नाही. तरी जेवताना ती अर्धी भाकरी हळूच टोपल्यात परत ठेवायची.

कारखान्यात बाई ढेकी चालवायची. लांब लाकडी दांडा, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय. पाय दाबला की मुसळ वर जायचं, सोडला की धाडकन उखळात पडायचं. भिजवलेल्या चिंध्या आणि अंबाडी त्यात कुटून लगदा करायचा. ते काम कोणाला नको असायचं, कारण संध्याकाळी पोटरीला गोळे येत. बाईला मात्र ते आवडायचं. निदान तिथे असताना आपली भाकरी आपण खातो, असं ती म्हणायची.

कारखाना बंद पडला तशी तिने मालकाकडे ढेकी मागितली. घरामागे बसवायची, आपल्याच शेतातली अंबाडी कुटायची आणि जाडाभरडा कागद करून शिरपूरच्या दुकानदारांना पुड्या बांधायला द्यायचा, असा तिचा बेत होता. बाकी किडूकमिडूक सामान तिने जमवलंच होतं. अडलं होतं ते ढेकीपाशी.

पण मालक नुकताच मोठ्या शहरात जाऊन एक संग्रहालय पाहून आला होता. आता आपल्या गावातही तसंच हवं, हे त्याच्या डोक्यात बसलं. मोडकं सामान फेकायची लाज वाटते, तर त्याला वारसा म्हणावं, ही अक्कल त्याने तिकडून आणली. त्याने एक कमिटी केली आणि तिचा अध्यक्ष तोच झाला. बंद कारखान्याच्या भिंतींना चुना लागला. वस्तूंवर पाट्या लागल्या. हौदावर ‘हौद’ अशी पाटी होती, नाहीतर आम्ही त्याला हत्ती समजलो असतो.

ढेकीचं विचारलं तेव्हा त्याने चारचौघांत शब्द दिला. “उद्घाटन होऊ दे बाई, मंग नेजो. पाव्हन्याले दाखवायपुरती राहू दे.”

बाई खूश होऊन घरी आली आणि घरामागची जागा सारवून ठेवली.

उद्घाटनाला कोणी मोठा पाहुणा जीपमधून आला. चहा प्यायला जितका वेळ लागला, तितकाही त्याने वस्तू बघायला दिला नाही. पण अध्यक्षाला सोहळा हवा होता. ज्या माणसाने जन्मात ढेकीवर पाय ठेवला नव्हता, त्याने तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि उखळाच्या कडेवर नारळ फोडला. टाळ्या झाल्या, पाहुणा गेला, हार तिथेच राहिला.

आणि आमच्या गावाला तर देखल्या देवा दंडवत घालायची सवयच. चुना दिलेली खोली, आत हार घातलेलं काहीतरी, समोर नारळाची करवंटी. बाजारातून परतणाऱ्या बायांना आणखी काय लागतं? एकीने कुंकू लावलं. दुसरीने मुसळाला शेंदूर फासला. तिसरीची आटलेली म्हैस पान्हावली, आणि मग काही विचारूच नका. लोक दाराबाहेर पायताणं काढून आत जायला लागले. हौदाकडे ढुंकून कोणी पाहत नव्हतं. कागद कसा होतो, हे कोणी विचारत नव्हतं. अध्यक्ष मात्र सगळ्यांना सांगत सुटला होता, “पाहा, किती लोक येऊन राह्यले संग्रहालय पाह्यले.”

बाई ढेकी मागायला गेली, तेव्हा मी सोबत होते. तो हसून म्हणाला, “मी नाही कुठं म्हन्तो? घेऊन जा. पन आता तिच्यावर पाय देशीन काय तू?”

आम्ही तशाच संग्रहालयात गेलो. दुपार होती, आत कोणी नव्हतं. शेंदराने माखलेलं ते लाकूड बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “बाई, द्या पाय. एकदा दिला की झालं. गाडी आनतो अन् घेऊन जातो.”

तिने पाय उचलला. दांड्याला न टेकवताच तो परत जमिनीवर ठेवला.

“काहून?” मी विचारलं. “लाकूडच तर हाय ते.”

“मले माहीत हाय लाकूड हाय म्हून,” ती म्हणाली. “पायाले कोन सांगन?”

मग मीच पुढे झाले आणि दांड्यावर पाय दिला. मुसळ वर गेलं, धाडकन पडलं, उखळातली फुलं चिरडली. बाईने मला दंड धरून मागे ओढलं. माझा पाय पडला होता तिथलं लाकूड तिने पदराने पुसलं, पुन्हा पुसलं, आणि हात जोडून त्या ढेकीला म्हणाली, “लेकरू हाय. समजत नाही तिले. माफ कर.”

दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधून सडकेच्या कामावर खडी फोडायला गेली.