सातवी तळटीप

आमचे हे आठवणी सांगतात, मी संगणकावर टाइप करते. आज आमच्या लग्नाचं पान पुन्हा वाचताना म्हणाले, "इथे तळटीप घाल. मंगलाष्टकांना पेटीवर कुसुम होती." मग तिची बोटं आली, अबोलीचा गजरा आला, हसणं आलं. बारीक अक्षरांतली ती टीप खालून वर चढत गेली आणि मी, नवरी, पुढच्या पानावर ढकलले गेले. माणूस जीव जडलेलं सगळं असं तळाशीच ठेवतो की काय? हे पाणी प्यायला उठले. मी ओळीवरचा इवलासा सात पुसला. खालची अख्खी कुसुम नाहीशी झाली. पुढच्या आठाचा मुकाट्याने सात झाला. हे परतले, खुर्चीत टेकले, डोळे मिटले.

"हं, कुसुमचं कुठवर आलं होतं?"