सुदेशच्या बदली गोपीनाथ

सखुबाईंच्या पाड्यात एकतीस घरं. कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागायचं आणि मधेच आत वळायचं. सकाळी सातनंतर तिथे कामाच्या वयाचा गडी दिसला तर समजावं, एकतर तो आजारी आहे नाहीतर रात्रपाळी करून आलाय. कोणी भिवंडीकडच्या गोदामात खोकी भरतो, कोणी डोंबिवलीच्या टॉवरांत लिफ्टा दुरुस्त करतो, बायका सहाच्या रिक्षाने कल्याणात पोळ्या लाटायला जातात. पगार सगळे शहरातून येतात. आणि तरी भात पिकलं की पाड्याभोवतीची शेतं आठवड्याभरात मोकळी होतात. मजूर शोधून मिळत नाही. मग कापतं कोण, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं.

विचारलं तर सखुबाई हसल्या. "भूत येऊन कापतंय वाटलं का तुना? सावड हाय आमची."

शिकलेले लोक ह्याला काहीतरी लांबलचक नाव देतील. पाड्यात सावडच म्हणतात. आज सगळी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. धडधाकट गड्याचा दिवस आणि गुडघे दुखणाऱ्या म्हातारीचा दिवस सारखाच. घरातून दोन हात आले पाहिजेत. कोणाचे, ते कोणी विचारत नाही. मुलगा कामावर असेल तर सून येते, सून बाळंतीण असेल तर तिचा भाऊ येतो.

सखुबाई त्रेसष्टच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात त्या, मुलगा सुदेश आणि सून ऋतिका. सखुबाईंचं माहेर कोलशेतचं, बाप मिठागरावर. बापाला ताप आला की ही बारा वर्षांची पोर फावडं घेऊन मीठ ओढायला उभी राहायची. "मुकादम कदी बोल्ला नाय, तुजा बापूस कुटं हाय. तो मिठाकडं बगायचा, मानसाकडं नाय."

हे इथे सांगतोय, कारण गेल्या कापणीचा घोळ ह्यातूनच झाला.

सुदेश गोदामात अकरा महिने कंत्राटावर होता. दिवाळीनंतर पर्मनंट करतो, असं सुपरवायझरने सांगितलेलं. त्यात दिवाळीचा माल सुटला आणि सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या. इकडे सखुबाईंचं भात लवलेलं. आणखी दोन दिवस थांबलं तर दाणा शेतातच गळणार. गुरुवारी सावड त्यांच्या शेतात यायची होती, आणि भारे बांधायला, वाहायला घरचा गडी लागतोच. गावभर सगळ्यांच्या शेतात राबायचं आणि आपल्याच शेतात घरचा गडी नाही, तर लोकांना काय तोंड दाखवायचं?

"रजा नाय देत आई," सुदेश म्हणाला. "गुरुवारी गेलो नाय तर नावच काढतील."

सखुबाईंनी क्षणभर विचार केला नि पुतण्याला हाक मारली. गोपीनाथच्या घरचा एक दिवस ह्यांच्याकडे यायचा बाकी होता.

"गोप्या, तू शेतात नको येव. सुदेशच्या बदली गोदामात जा. तुजी सावड फिटली."

"चालंल काकी. एसी हाय ना तिथं?"

सुदेश थोडा कुरकुरला, पण कार्ड, जॅकेट, बूट देऊन मोकळा झाला. तिघांपैकी एकालाही ह्यात काही वावगं वाटलं नाही.

गोदामाच्या फाटकावर कॅमेऱ्याचं यंत्र आहे. समोर चेहरा धरायचा, हिरवा दिवा लागला की आत. गोपीनाथने चेहरा धरला. लाल दिवा. परत धरला, परत लाल. वॉचमन जवळ आला, "नाव काय तुझं?"

दुसरा कोणी असता तर मशीन बिघडलंय म्हणाला असता. गोपीनाथने सरळ सांगितलं, "मी गोपीनाथ. सुदेशच्या बदली आलेलो. सावडीला."

वॉचमनने जसं ऐकलं तसं रजिस्टरात उतरवलं आणि त्याला दोन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. तिकडे शेतात सुदेशचा फोन वाजला. सुपरवायझर मितेश ओरडत होता, "कार्ड दुसऱ्याला देतोस? तुझं कार्ड ब्लॉक. उद्या भेट!"

शुक्रवारी सुदेशच्या मागे मोटारसायकलवर बसून सखुबाईही फाटकाशी हजर. मितेश वर्तकनगरचा, तिशीतला, डोळ्यांवर झोप. आईला बघून त्याने कपाळाला हात लावला.

"मावशी, शाळा आहे का ही? आईला घेऊन आलाय!"

"मीच धाडलेला गोप्याला. त्याला खोकी भरता येत नाय का? तुजं काम तर झालं असतं."

"झालं असतं हो. पण आत कोण आहे ते मशीनला कळायला नको?"

"भाताला कलत नाय कोनी कापला ते."

मितेश हसला नाही, पण खुर्ची पुढे ओढून बसला. "थांबा. म्हणजे कोणीही कोणाच्याही बदली जातो? आणि एखादा कामचोर निघाला तर?"

"त्याच्या शेतात आमी पन तसंच कापतो. बरोबर वलनावर येतो तो."

"अहो, पण वरून मेल आलाय. कारण लिहायचंय. फसवणूक लिहिलं तर हा गेला."

"फसवलं कोनाला? गोप्या खोटा बोल्ला का?"

मितेशने रजिस्टर मागवलं. वॉचमनच्या अक्षरात स्वच्छ होतं: गोपीनाथ, सुदेशच्या बदली, सावडीला आला. खोटं नाव नाही, खोटी सही नाही. मितेशने दोनदा वाचलं.

"खोटं बोलला असता ना, तर माझ्याकडे दुसरा इलाजच नव्हता," तो सुदेशला म्हणाला. "गैरहजर लिहितो. कार्ड संध्याकाळी चालू होईल. पण पर्मनंटचं विसर, सहा महिने पुढे गेलं. आणि मावशी, पुन्हा कोणाला पाठवू नका."

परतताना सुदेशने मोटारसायकल नेहमीपेक्षा जोरात हाणली. सहा महिने लांबल्याचं त्याला लागलं. सखुबाईंनाही लागलं असेल, पण घरी पोचल्यावर त्यांनी आधी गोपीनाथला बोलावलं.

"परवा झोडनी हाय. खल्यावर ये."

"का? माजी सावड फिटली ना! मी गेलेलो की!"

"गेलेलास. काम कुटं झालं?"

"दोन तास बाकड्यावर बसलो, त्याचं काय?"

"बसायची सावड आपल्यात नाय."

रविवारी मी खळ्यावर होतो. सुदेश गोदामात, सून ऋतिका पेंढ्या पुढे सारतेय, आणि गोपीनाथ फळीवर भात झोडताना दर चार पेंढ्यांनी थांबून, तोंड वर करून सखुबाईंकडे बघतोय.

"गोप्या," सखुबाई सुपाने भात पाखडता पाखडता म्हणाल्या, "हितं मशीन नाय लावलेला. तोंड काय दाकवतोस? हात चालव."