राष्ट्रपतींची बारी

राष्ट्रपतींविषयी मी लिहावं, हे मला स्वतःलाच जरा जास्त वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. राज्यशास्त्राच्या पेपरात मला जेमतेम गुण पडले आणि दिल्ली मी अजून पाहिलेली नाही. जाणत्या माणसांनी यातल्या चुका सांभाळून घ्याव्यात. तरीही लिहितोय, कारण त्या पदाच्या एका सहीची वाट आमच्या गोठ्यात फार दिवस पाहिली गेली. आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्या माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, वाचता येत नाही. त्याचाही मला थोडा आधार आहे.

आमचं गाव पिंपरी पेंढारच्या बाजूला. जुन्नर-आंबेगावात जत्रा म्हटली की बैलगाडा आलाच. चढाचा घाट म्हणजे शर्यतीची वाट, खाली जुंपलेले चार बैल, वर निशाण. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. जत्रेची पहिली बारी देवाची. त्यानंतरची मानाची बारी गाव ठरवेल त्याच्या नावाने सुटते.

मी अकरावीत होतो तेव्हा घाट बंद होते. कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली होती. त्या बंदीच्या काळातच आमच्या गायीला पांढरा खोंड झाला. दादांनी त्याला हाताने वाढवलं, ओढ्याच्या चढावर पळवून तयार केलं. शर्यतीच्या बैलाला आमच्याकडे औताला जुंपत नाहीत. आंबेगावच्या पाहुण्यांकडे तीन बैल होते, चौथा आमचा. म्हणजे गाडा तयार होता, फक्त घाट उघडायचा होता. दादांचं मागणं एवढंच होतं की खोंडाने आपल्या गावच्या घाटात एक बारी पळावी.

मग राज्याने शर्यतींसाठी कायदा केला. त्या वेळी मी जुन्नरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. त्याच विषयावर केंद्राचा कायदा आधीपासून असेल आणि राज्याचा कायदा त्याच्या विरुद्ध जात असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते, हे सरांनी नुकतंच शिकवलं होतं. घरी येऊन मी ते दादांना सांगितलं. शेजारचे एक काका तंबाखू मळत बसले होते.

"म्हंजी आता दिल्लीला आडलंय," दादा म्हणाले. "मग करायची सही. राष्ट्रपतींला कुणाला इचारायचंय?"

"मंत्रिमंडळाला. त्यांच्या सल्ल्यानंच चालावं लागतं."

काका हसले. "आरं तिच्या! म्हंजी त्यांच्या बी घरात त्यांचं चालत न्हाई!"

"तसं नाही, काका..."

"मंग कसं? तू शिकलेला हाईस, सांग की."

मला नीट सांगता येईना. मला त्या पदाचा मोठेपणाही सांगायचा होता आणि मर्यादाही. पण दोन्ही एका दमात सांगताना वाक्य मधेच तुटायचं.

"बरं, सही किती दिवसांत करायची?" दादांनी विचारलं.

"त्याला मुदत नाही, दादा."

दादांनी खोंडाकडे पाहिलं. तो रवंथ करत उभा होता. "बैलाला हाय ना पण मुदत," ते म्हणाले.

पुढे पावसाळ्यात सही झाल्याची बातमी आली. गावात भंडारा उधळला. दादांनी खोंडाला धुऊन शिंगं रंगवली, टेम्पोत घालून ओझरच्या गणपतीला नेलं आणि देवळाबाहेरूनच त्याला कळस दाखवला. येताना पेपर घेतला. त्यातल्या राष्ट्रपतींच्या फोटोला आईने हळद-कुंकू लावलं आणि दादांनी तो गव्हाणीच्या वर भिंतीला चिकटवला. त्याच संध्याकाळी पारावर बैठक झाली. येत्या जत्रेत मानाची बारी राष्ट्रपतींच्या नावाने सोडायची आणि ती आमच्या गाड्याने पळायची, असं ठरलं.

"घाट कुणी उघडला? त्यांनी. मंग मान त्यांचाच," काका म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. बारी सुटताना भोंग्यावरून 'महामहीम' म्हणायचं, हे मीच सुचवलं. दादांनी तो शब्द माझ्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतला.

पण जत्रा उजाडायच्या आधीच प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं आणि शर्यतींना परवानगी द्यायला मनाई झाली.

"सही झालीय ना पण?" दादांचा प्रश्न साधा होता.

"सहीनं कायदा होतो. तो घटनेत बसतो का नाही, ते कोर्ट बघतं."

"मंग राष्ट्रपतींनी कोर्टाला एक फोन करावा."

"तसा फोन करता येत नाही, दादा."

"फाशी माफ करत्यात म्हणं."

"फाशी माफ करता येते. हे नाही करता येत."

दादांनी गव्हाणीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "लई अवघड जागा हाय रं ती." त्यांना राग आला नव्हता. त्यांना राष्ट्रपतींची कीव आली होती. पुस्तकात त्या पदाविषयी मी जे जे वाचलं, त्यात कीव हा शब्द कुठे नव्हता.

पुढची वर्षं तशीच गेली. लोक म्हणायचे, घाल औताला, निदान कामाला तरी येईल. दादा म्हणायचे, "बारीचा शब्द दिलाय." खोंडाचा बैल झाला. आई वैरण टाकताना टोमणा मारायची, "अवो, तुमच्या राष्ट्रपतींच्या पावण्याला पाणी दाखवलं का?" आणि स्वतःच बादली उचलायची. गव्हाणीवरचा फोटो पिवळा पडत गेला. मधल्या काळात राष्ट्रपतीही बदलले. दादांनी फोटो बदलला नाही. सही यांनीच केली, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी पुढच्या शिक्षणाला पुण्यात आलो. कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली, ते मला अभ्यासिकेत मोबाईलवर कळलं. बाहेर येऊन मी घरी फोन लावला.

"ऐकलं," दादा म्हणाले. "काका पेढं घेऊन आलं व्हतं."

"मग? बारी?"

"बैलाचं पाय धरल्यात. बसला की आता दोघांनी उठवावा लागतो रं." मग त्यांनीच विचारलं, "जेवला का तू?"

जत्रेच्या दिवशी माझा पेपर होता. जाता आलं नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. मानाची बारी दादांनी आंबेगावच्या पाहुण्यांना देऊन टाकली होती. चौथा बैल पाहुण्यांनी दुसरीकडून आणला. दादा घाटावर गेलेच नाहीत, गोठ्यात बसून राहिले. घाट डोंगराच्या पलीकडे, भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येत नाही. आई नैवेद्य घेऊन गेली होती आणि बारी होईपर्यंत बायकांत उभी राहिली.

"नाव घेतलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई. कुण्या पुढाऱ्याच्या नावानं सुटली. काकांला म्हणलं, तर ते म्हणलं, वहिनी, कोण राष्ट्रपती? मंग त्यांला आठवलं, अन् तेंनी खालीच बघितलं."

"दादांनी विचारलं?"

"दारातच इचारलं, घेतलं का नाव? म्या म्हणलं, घेतलं. महामहीम म्हणलं. मंग त्यांनी उठून बैलाच्या पाठीवर हात फिरवला." मग म्हणाली, "तुला बी इचारतील. तू बी तसंच सांग."