हुकमातलं नाव

लष्करी कायदा उठून दीडेक वर्ष झालं होतं, तरी सोलापुरातली पोलिसांची भीती गेली नव्हती. नव्या वटहुकमाखाली एका दुपारी यांना शाळेतून नेलं. हे इंग्रजी पाचवीला भूगोल शिकवत. आरोप नाही, खटला नाही. सहा महिने स्थानबद्ध ठेवण्याचा नुसता एक कागद.

यांचे एक शाळासोबती वकील होते. त्यांनी हुकमाची नक्कल दोनदा वाचली नि विचारलं, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांचं नाव हेच का?"

यांच्या नावापुढे वडिलांच्या जागी चुलत सासऱ्यांचं नाव होतं. सासऱ्यांचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी घेतलं.

"मग हायकोर्टात जाऊ," ते म्हणाले. "पण मास्तरांना का धरलं, ते खरं की खोटं, हे कोर्ट विचारणार नाही. सरकारची खात्री झाली म्हणजे झाली. कोर्ट कागद तेवढा तपासेल."

"माणूस निर्दोष असला तरी?"

त्यांनी दौत पुढे ओढली. अर्ज मुंबईला गेला.

चार महिन्यांनी निकाल लागला: हुकूम सदोष, सोडून द्या. वकील मला तुरुंगावर घेऊन गेले. यांच्यासाठी धुतलेलं धोतर मी बरोबर घेतलं होतं. लहान दारातून हे वाकून बाहेर आले. गाल बसलेले, दाढी पांढरी. मी चार पावलं पुढे झाले असेन, तोच झाडाखाली उभा असलेला फौजदार आडवा आला नि त्याने यांच्या हातात कागद दिला. यांनी चष्मा लावून तो उभ्याउभ्या वाचला.

"आता नाव बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

वकील ओरडले, "अहो, कोर्टाने सोडलंय यांना!"

"तो हुकूम निराळा, वकीलसाहेब. हा निराळा."

दार पुन्हा लागलं. पहाऱ्यावरचा शिपाई हळूच म्हणाला, "बाई, हितं उभं ऱ्हाऊ नगा. धोतर द्या, आत पोचवतो."

दुसरा अर्ज फेटाळला गेला. या खेपेला कागदात खोट नव्हती. गप्प बसलो असतो तर पहिली मुदत आषाढात संपली असती. नव्या हुकमाने ती पहिल्यापासून सुरू झाली. त्यानंतर वकील लाजेने आमच्याकडे येईनासे झाले.

हे सुटले ते खोकला घेऊन. शाळेने परत घेतलं नाही. आम्ही मंद्रूपला माझ्या भावाकडे राहिलो. दारावर थाप पडली की हे आधी चष्मा शोधत. मी म्हणे, "अहो, दूधवाला आहे." तरी चष्मा लावूनच दार उघडत.

दोन वर्षांनी हे तिथेच वारले.