भैरवी जरा लवकर झाली

गाणं बिघडलं म्हणून तोंड लपवणारे पुष्कळ पाहिले असतील तुम्ही. गाणं फार चांगलं झालं म्हणून तोंड लपवावं लागलेली अख्ख्या ग्वाल्हेरात मी एकटीच. बसा, चहा घ्या, सांगते. तुम्ही हसा खुशाल, मला मात्र मध्येच हसू आलं नाही तर समजून घ्या.

तेव्हा मी बारावीत होते. दाना ओली या गल्लीतलं आमचं घर, शाळा आणि गाण्याचा क्लास, याच्या बाहेरचं जग ही माझ्यासाठी ऐकीव माहिती होती. आई सगळीकडे स्कूटीवर सोडायची आणि तीच आणायला यायची. मी एकटीने टेम्पोत बसायचं म्हटलं की घरात चर्चा व्हायची आणि शेवटी बाबा म्हणायचे, जाऊ दे, मीच सोडून येतो.

अशा मुलीच्या शेजारी कोचिंगमध्ये येऊन बसली महिमा. ही पोरगी बेंचवर बोटं वाजवायची, बाटलीवर पेन वाजवायची, सर फळ्याकडे वळले की माझ्या पाठीवरसुद्धा वाजवायची. तिचा रॉक बँड होता. त्यातला गाणारा मुलगा शिकायला इंदूरला निघून गेला होता, आणि पाणी भरताना मी गुणगुणत होते ते हिने नेमकं ऐकलं.

"तू गाती है? और बताया नहीं?"

"मैं क्लासिकल गाती हूँ," मी म्हटलं.

"तो क्या हुआ, गला तो एक ही है ना."

मी हो म्हणून बसले. आईला मी खोटं काही सांगितलं नाही, म्यूझिक ग्रुप आहे एवढंच म्हणाले.

"वाद्यं कोणती?" आईने विचारलं.

"गिटार आहे. महिमा ड्रम वाजवते."

"आणि तबल्यावर?"

"तबला नाहीये."

आईने तव्यावरच्या पोळीकडे बघितलंच नाही. "मग तुला साथ कोण करून राहिलंय?"

प्रॅक्टिस पाटणकर बाजारात, एका गादीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत चालायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या. पहिल्या दिवशी मी चपला दाराबाहेर काढल्या, ड्रमला वाकून नमस्कार केला आणि खाली मांडी घालून बसले. गिटारवाला आणि बेसवाला एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या दोघांचेही बूट बाहेर होते, ते सोडा.

मग महिमाने वाजवायला सुरुवात केली. खरं सांगते, आमच्या घरी जोरात बोलणं म्हणजे वाईट वळण. इथे गाद्यांसकट भिंती हलत होत्या आणि मला रडू येईल इतकं बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी सूर सांभाळून, मान सांभाळून, ओढणी सांभाळून गात आले होते, आणि त्या खोलीत काही सांभाळायचंच नव्हतं.

महिमाचं मात्र सगळं टांगणीला लागलेलं होतं. तिच्या वडिलांचं नया बाजारात नळ-पाइपांचं दुकान. माणूस भला, पण घरातल्या ड्रमशी त्यांचं उभं वैर. "बैंड बारात में बजता है, और उसमें घर की लड़कियाँ नहीं बजातीं," हे त्यांचं वाक्य. बाप-लेक रोज यावर भांडायचे. शेवटी ते एवढ्यावर आले की एकदा येऊन ऐकतो. पटलं तर ठीक, नाहीतर ड्रम घराबाहेर आणि विषय बंद. आमचा कार्यक्रम ठरला होता, त्याच संध्याकाळी ते येणार होते. तिसऱ्या गाण्यात महिमा एकटी वाजवणार होती, ते फक्त त्यांच्यासाठी.

आता आईची कामगिरी ऐका. लेकीचं गाणं आहे म्हणून तिने गल्लीतली सगळी मराठी मंडळी गोळा केली. कार्यक्रमाच्या मॅरेज गार्डनमध्ये मी पोचले तेव्हा पुढच्या दोन्ही रांगा शाली आणि काठपदराच्या साड्यांनी भरलेल्या होत्या. अगदी मध्ये दाते आजोबा, ग्वाल्हेरातली एकही मैफल न चुकवलेले. त्यांच्या शेजारी महिमाचे पापा, हेल्मेट मांडीवर ठेवून. आणि मागे आमच्या कोचिंगची पोरं, शिट्ट्या मारायला.

पहिली दोन गाणी मंडळींनी सोसली. आजोबांनी कानात कापूस घातला, पण उठले नाहीत. महिमाने काठ्या उचलल्या, पापा पुढे सरकून बसले, आणि लाईट गेली.

जनरेटर चालू होईना. मागे आरडाओरडा सुरू झाला. महिमा अंधारात माझा दंड धरून म्हणाली, "लोग चले जाएँगे. पापा चले जाएँगे. तू कुछ भी गा, बस रोक ले सबको."

कुछ भी! तिला काय माहीत, कुणाला सांगतेय ते. मी घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला तोंडपाठ असतं तेच सुचतं. माझी तेव्हा एकच चीज पक्की बसलेली होती. मी डोळे मिटले आणि भैरवी सुरू केली.

काय गायले असेन मी! माइक नाही, साथ नाही, आणि सगळं गार्डन चिडीचूप. शिट्ट्या थांबल्या. एकदा डोळे उघडले तर अंधुक उजेडात आई पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, रोखलं मी सगळ्यांना.

गाणं संपलं. दाते आजोबांनी हात जोडले, कापूस खिशात टाकला आणि चप्पल शोधायला लागले.

मैफलीत भैरवी झाली की मैफल संपली, त्यानंतर कुणी गायचं-वाजवायचं नसतं. हे मला माहीत नव्हतं का? बाराखडीबरोबर शिकलेली गोष्ट ती. पण रॉकच्या कार्यक्रमात कोण तसं धरतंय, एवढासुद्धा विचार मी केला नव्हता. आजोबा उठले म्हणून त्यांची रांग उठली, वडीलधारे उठले म्हणून मागचे उठले, आणि सगळे उठले म्हटल्यावर मंडपवाल्याने खुर्च्या गोळा करायला घेतल्या. पापाही हेल्मेट घेऊन निघाले.

मी अनवाणी त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत पळाले. "अंकल, प्रोग्राम अभी बाक़ी है."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भैरवी के बाद? बेटा, हम भी ग्वालियर के ही हैं."

दाते आजोबा शेजारून म्हणाले, "बरोबर बोलले ते."

एवढ्यात आत लाईट आली आणि ड्रम सुरू झाला. समोर कोणी उरलं नव्हतं, तरी महिमा वाजवत होती. पापांनी स्कूटर चालू केली. "लगता है कोई बारात आ गई. जल्दी निकलो, जाम लगेगा."

"अंकल," मी म्हटलं, "वो महिमा है."

ते थांबले. मग त्यांनी स्कूटर बंद केली आणि तसेच भर रस्त्यात बसून राहिले. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत सुटला. पापा वळून त्याला म्हणाले, "रुको भाई. मेरी बेटी बजा रही है." टेम्पोवाला थांबला. मला तिथे रडू फुटलं, आणि मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

आम्ही आत गेलो तेव्हा महिमा घामाने आणि रागाने भिजलेली होती. वडील बाहेर थांबून ऐकत होते हे तिच्या गावीही नव्हतं. मला बघताच म्हणाली, "इतने सारे गाने थे दुनिया में. तुझे यही मिला?"

पापा तिच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "ड्रम घर में रहेगा. तू बजा."

तिचा विश्वासच बसेना.

"लेकिन एक शर्त है," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बिटिया गाती बहुत अच्छा है. पर आगे से इसे तुझसे पहले मत गवाना."

इतकी वर्षं महिमाने वडिलांच्या प्रत्येक शब्दावर वाद घातला होता. या वेळी ती लगेच म्हणाली, "बिल्कुल नहीं, पापा."

बाप-लेकीचं आयुष्यात पहिल्यांदा कशावर एकमत झालं असेल, तर ते माझ्यावर.