उघड्या तारेवरचं बोलणं

टेलिफोनची घंटा वाजली की निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली तरी परभणी तालुक्यातलं ते प्रकरण माझ्यापुढे उभं राहतं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाने मराठवाडा तापलेला होता. मी एका ग्रामीण ठाण्यात फौजदार होतो. हद्दीतल्या एका गावात, नामांतराच्या मोर्चाला गेलेल्या माणसाचं घर जाळलं गेलं. तो तुरुंगात होता, घरात एकटी बायको. ती वाचली आणि तिने आग लावणारे ओळखले. आग लावणारे गावच्या बड्या जमीनदाराची माणसं होती. खटला परभणीच्या कोर्टात उभा राहिला, पण आमचा शिपाई समन्स घेऊन पोहोचायच्या आत साक्षीदार गावाबाहेर पाठवले जात किंवा फितूर होत. शेवटी ही बाईच एकटी उरली.

सुनावणीच्या आधी ती ठाण्यात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"सायेब, तुमी मला जीपनी न्यायलाव का? कालव्याच्या वाटेनं?"

मी चमकलो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जमीनदाराचा गडी इहिरीवर सांगायलाय. तुमी यायच्या आधी तुमची खबर गावात येती."

हा बेत मी फक्त परभणीच्या इन्स्पेक्टर साहेबांना टेलिफोनवर सांगितला होता. बिनतारी संच बंद पडलेला असल्यामुळे सगळं बोलणं त्या एका तारेवरूनच चालायचं. ठाण्यातले लोक एक्स्चेंजच्या ऑपरेटरकडे बोट दाखवू लागले. माझं मत वेगळं होतं. माणसावर संशय घेणं सोपं असतं. तार मात्र कुठून कुठून जाते, हे कोणी पाहत नाही.

मी परभणीला जाऊन साहेबांना समक्ष भेटलो. तार तोडायची नाही, तिच्यावरच बोलायचं, पण आतला अर्थ दोघांपुरता ठेवायचा, असं ठरलं. ठाण्याच्या गळक्या छपराची तक्रार करायची. पत्रे म्हणजे साध्या वेशातले शिपाई, सुतार म्हणजे त्यांच्याबरोबरचा हवालदार. तारेवर उघड सांगितलेली वाट फसवी समजायची. हे सगळं तोंडी ठरवलं. त्याच तारेवरून किल्ली पाठवली, तर कुलपाचा उपयोग काय? आणि गळक्या छपरावर कोणाला संशय येणार? त्या काळी कुठल्या ठाण्याचं छप्पर गळत नव्हतं!

बाईला म्हटलं, "तुम्हाला पहाटेच गुपचूप दुसऱ्या गावी नेतो. तिथून कोर्टात."

तिने पदर खोचला. "चोरून कामून जाऊ? घर माझं जळालं. तोंड लपवायचं त्यायनी. मी फाट्यावरून यष्टीनं जाणार, समद्या गावादेखत."

मी समजावून पाहिलं, थोडं रागावलोही. ती हलली नाही. मग बेतच बदलला. टेलिफोनवर मोठ्याने सांगितलं, "साक्षीदार सकाळी जीपने, कालव्याच्या वाटेने." आणि जाता जाता, "साहेब, ते दहा पत्रे सुताराबरोबर फाट्यावर पाठवा. छप्पर फार गळतंय."

सकाळी कालव्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या पडलेल्या. जीप थांबताच कुऱ्हाडी घेऊन माणसं धावली. आतून उतरले ते पोलीस. त्याच वेळी बाई एसटीच्या पुढच्या बाकावर बसून परभणीकडे निघाली होती. मागची बाकं शेतकऱ्यांच्या वेशातल्या आमच्या शिपायांनी भरलेली होती.

दुपारी टेलिफोन खात्याचा लाइनमन आणि दोन पंच घेऊन मी खांबाखांबाने निघालो. जमीनदाराच्या आखाड्याजवळ, म्हणजे शेतातल्या वस्तीजवळ, एक बारीक तार खांबावरून कडुलिंबाच्या फांदीत शिरून तिथल्या एका खोलीत उतरली होती. तिथे जुना रिसीव्हर सापडला. पंचनामा केला, मुद्देमाल सील केला. खोली जमीनदाराच्या पुतण्याची होती. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "रेडिओची एरियल हाय ती. रिसीव्हर दुरुस्तीला आलेला. मी काय बी ऐकलं न्हाई."

मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणारा माणूस ओरडण्याला तयार असतो, गप्पांना नसतो. चहा मागवला. वर बघत सहज म्हणालो, "छपराचं काही होईना बुवा. परभणीहून पत्रेच येत नाहीत."

तो हसला. "एकदम धा मागितल्यावर कोण देतंय, सायेब?"

दहाचा आकडा मी फक्त टेलिफोनवर बोललो होतो. हे त्याच्याही लक्षात आलं आणि कप त्याच्या हातातच राहिला. मग त्याने काकाचं नाव सांगितलं.

संध्याकाळपासून टेलिफोन येऊ लागले. एक पुढारी म्हणाले, "तार कायद्याचं कलम काढून टाका. पोरगं हाय. बदलीचा विचार करा."

मी म्हणालो, "आपण बोललात ते शब्दशः स्टेशन डायरीत घेतो. नाव काय लिहू?"

टेलिफोन ठेवला गेला. पुढे माझी बदली झाली, ती मी घेतली. कलम काढलं नाही.

कोर्टात काय घडलं ते हवालदाराने सांगितलं. आरोपींच्या वकिलाने विचारलं होतं, "अंधारात तुम्हाला चेहरे कसे दिसले?"

बाई म्हणाली, "उजेड त्यायनीच केला व्हता, वकीलसायेब. माझं घर पेटवून."

आरोपींना शिक्षा झाली. पुतण्याने पोलिसांपुढे घेतलेलं नाव कोर्टात पुरावा ठरलं नाही आणि जमीनदार सुटला, हे मला आजही खटकतं. बाईने मात्र घर त्याच जागी पुन्हा बांधलं, दार रस्त्याकडे ठेवून.

बोलणं कसं झाकायचं हे मला नोकरीने शिकवलं. पण भिणाऱ्याला लपवणं आणि न भिणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या बाईने शिकवलं. त्यानंतर कुठल्याही साक्षीदाराला मी "तुम्हाला कुठे ठेवू?" असं आधी विचारलं नाही. "कुठल्या रस्त्याने जायचंय?" असंच विचारत आलो.