कापडातली रेघ
आमच्या कॉम्प्युटरवर धुळीसाठी टाकलेल्या कापडात एक लांब, उभी रेघ आहे. तिच्यावर बोट गेलं की मला सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या खोलीतली ती संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी मुलगी पहिल्यांदाच विमानाने नोकरीच्या गावी निघणार होती. माझी भीती जावी म्हणून तिने विमान चालवायचा नवा गेम टाकला आणि मला खुर्चीवर बसवलं. सुरतेची धावपट्टी सुटली, खाली तापी चमकली, मी विमानाचं नाक जास्तच वर उचललं आणि धोक्याचा भोंगा वाजू लागला. वीस वर्षं कापड विणायच्या लूमवर राबलेल्या माझ्या हाताला एकच ठाऊक, तार म्हणजे धागा तुटला की आधी मशीन बंद. मी इंजिन बंद केलं. कारखान्यात मग निवांत तार शोधून गाठ मारता येते. इथेही शांत झालं, पण तापी भराभर मोठी होत गेली. “पप्पा, बंद काय केलं? वर असताना चालूच ठेवायचं असतं,” ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचं विमान उतरायला अर्धा तास होता, तेव्हाच माझ्या लूमवर तार तुटली, आणि हात बंद करायच्या हँडलपर्यंत जाईना. “अरे भाई, बंध कर ने, कापड बिघडतंय,” शेठ ओरडला. तिचा ‘पोहोचले’ असा फोन येईपर्यंत मी मशीन चालूच ठेवलं. तुटलेल्या तारेची लांब रेघ पडलेलं ते कापड मीच मागून घेतलं. आता ती वर्षातून चारदा विमानाने येते-जाते, आणि त्या दिवशी मी रजा टाकतो, म्हणजे कुठलंच मशीन बंद करायची वेळ माझ्यावर येत नाही.